कडेचं प्यादं

ब्रिडलिंग्टन, नोव्हेंबर. चौथी फेरी.
सतराशेच्या आतल्या गटात टेबल एकतीस,
खिडकीच्या फटीतून येणारा समुद्राचा वारा फुकट.

समोर मिस्टर पिकर्सगिल. चाळीस वर्षं बोटीवर होते म्हणे;
करंगळीचं पेर तिथेच कुठेतरी राहिलं.
हात मिळवला तेव्हा ती रिकामी जागा लागली मला.

वजिराच्या बाजूचं, घोड्यापुढचं प्यादं
मी एकच घर सरकवलं.
त्यांनी आधी प्याद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
पानावर बसून कुणी आधी लोणचंच खावं तसं.

"मध्य सोडू नकोस, मध्य!"
सांगलीत गाडेकर सर पट्टी आपटायचे पटाशेजारी.
सोडला, सर. सगळाच देऊन टाकला.
त्यांनी दोन प्यादी मध्यात उभी केली,
चौकात पाटलाची पोरं उभी राहतात तशी.
मी माझा उंट कोपऱ्याजवळ बसवला.
नुसता बघत.

तेराव्या चालीला त्यांनी एक प्यादं पुढे रेटलं
आणि तिरकी वाट उघडली
थेट राजाच्या उंबऱ्यापर्यंत.
माझे कान तापले.
वजीर आला, हत्ती वळला, सव्विसाव्या चालीला
घोडा द्यायचा होता. दिला असता तर
सहा चालींत मात.
हे आत्ता कळतंय, हलच्या बसमध्ये.
तेव्हा घड्याळात चार मिनिटं होती.
मी वजिराला वजीर मारला आणि श्वास सोडला.

मग उरले दोन उंट:
माझा काळ्या घरांचा, त्यांचा पांढऱ्या.
एकाच पटावर राहून जन्मात गाठ नाही.
"बरोबरी?" म्हणाले,
आणि अंगठ्याने घड्याळ थांबवलं.

मोहरे डब्यात भरताना दिसलं:
ते पहिलं प्यादं अजून तिथेच.
साठ चाली, एक घर.
त्यांचा उंट किती वेळ टपून होता त्याच्यावर,
पण मागचं कडेचं प्यादं त्याला धरून राहिलेलं.

सही करताना त्यांचा कागद माझ्याकडे आला.
पेन्सिलीने, जुन्या पद्धतीची नोंद,
आता नियमात न बसणारी,
पंचांनी न पाहिल्यासारखी केलेली:
वजिराच्या घोड्याचं प्यादं, तिसरं घर.

सर असंच लिहायचे.
आठवीत हीच चाल खेळले तेव्हा
माझ्या वहीत, लाल शाईने,
पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह.

पिकर्सगिलांनीही काढलं होतं.
नंतर कधीतरी खोडलेलं,
पण कागदावर वळ तसाच.