तिसऱ्या फळीवरचे बूट

तार्तूत डिसेंबरचा उजेड तासावर मिळतो.
अकराला येतो कसाबसा, दोनला आवरायला घेतो.
तेवढ्यात बाबांच्या दुकानाचे बारा फोटो काढायचे होते.
वेबसाइट करणारा मुलगा म्हणाला, बारा तरी हवेतच,
नाहीतर विकत घ्या,
हसऱ्या मोच्याचे स्वस्तात मिळतात.

पाहिला मी तो हसरा मोची.
दात पांढरे, एप्रन पांढरा, हातोडी उलटी धरलेली.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून
नीट निरखला त्याला, मग विचारलं,
"हा स्वतःचे बूट कुणाकडे टाकत असेल?"

मग आम्हीच लागलो.
मागे आईची इस्त्रीची चादर ताणली,
खिडकीला केकखालचा कागद चिकटवला,
उजेड गाळून घ्यायला, दूध गाळावं तसा.
ट्यूबलाइट बंद ठेवली,
तिच्यात चांगलं कातडंही आजारी दिसतं.

एंडेल नावाचा हा माणूस,
चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या टाचा
उलट्या धरून वाचत आलेला,
आणि कॅमेरा वळला की हात खिशात.
दोनदा साबणाने धुऊन आले.
"बाबा, मला ते काळेच हवे होते."
"काळे हात बघून कोण येईल?"
"इतकी वर्षं जे आले, ते काय बघून आले?"
यावर ते काही बोलले नाहीत.
रापी उचलली, कलबूत मांडीत घेतलं,
आणि थोड्या वेळाने मला विसरले.
तेव्हा मिळाले चार फोटो:
मेणाचा दोरा दातात,
आरी कातड्यात शिरते त्या क्षणी
आपोआप मिटलेला एक डोळा.
बाकीचे दोन काय होते ते आता आठवत नाही.

शेवटचा फोटो फळ्यांचा.
तिसरी फळी, न्यायला कुणी न आलेल्या बुटांची,
कापून टाकणार होते मी.
दुकान रेंगाळल्यासारखं दिसतं तिच्यामुळे.
पण दोन वाजून गेले होते,
पाय गार पडले होते,
राहून गेली.

साइट सुरू झाली. पहिल्या आठवड्यात तीन फोन.
दोघांना किल्ल्या करून हव्या होत्या.
तिसरा साल्मे नावाच्या बाईंचा, व्होरूहून.
"फोटोत तिसरी फळी, उजवीकडून चौथे.
एक लेस काळी, एक तपकिरी.
काळी मीच ओवली होती."
हिलारला जाऊन तीन वर्षं झालेली.
पावती कोटाच्या खिशात होती,
आणि कोट त्यांनी देऊन टाकला होता.

बसने आल्या. बाबांनी बुटांवरची धूळ फुंकली,
पुसले मात्र नाहीत.
बाईंनी वरून पाहिलेच नाहीत ते;
उलटे केले, तळव्यावरून अंगठा फिरवला.
नवा कोरा तळवा, एक पाऊलही न चाललेला.
त्यावर खडूने लिहिलेलं: एकोणीस.
"अजून तेवढेच?"
"तेवढेच."
बाईंनी नाण्यांसकट मोजून दिले,
आणि बाबांनी घेतले.

त्या गेल्यावर मी बोललेच.
बाबा गल्ल्याकडे बघत म्हणाले,
"काम झालं होतं त्याचं.
पैसे नसते घेतले,
तर झालंच नव्हतं असं झालं असतं."

फळीवर आता एक जागा रिकामी आहे.
बाबा तिथे काही ठेवत नाहीत,
विचारलं तर म्हणतात, मुद्दाम नाही.
साइटवर ते बूट अजून आहेत,
काळी लेस, तपकिरी लेस.
मुलगा आठवण करतो, तेवढा एक फोटो बदला.
मी सांगते, उजेड मिळू दे जरा.

जून चालू आहे.
रात्री साडेदहाला अंगणात पेपर वाचता येतो.