छाट

दुसऱ्या वर्षी, पुण्यात, दातार मॅडम
फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या होत्या,
'सोफ्यावर आडवं करून आईबद्दल विचारणारे
अजून आहेत म्हणे काही.'
वर्ग हसला.
मी अर्धा क्षण उशिरा हसले,
पण हसले.

माझं मत तेवढ्यातच तयार झालं होतं.
हे कळायला अकरा वर्षं लागली,
आणि अशोक चौकातल्या दवाखान्याच्या माळ्यावरची
पत्र्याची खोली, मे महिना,
आणि नरसम्मा बोद्दूल.

माझ्याकडे बारा सत्रं होती. छापील तक्ते होते :
विचार, पुरावा, पर्यायी विचार.
'दहापैकी किती उदास वाटतं?'
नरसम्मानं बोटं बघितली, म्हणाली,
'दहाचा कट्टा नसतो मॅडम. पंचवीसचा असतो.'

मग थोरल्या बहिणीचं काढलं तिनं.
अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत,
मध्येच गॅसची टाकी, मध्येच सुनेचा मोबाइल,
आणि परत बहीण,
जिचं नाव चाळीस वर्षांत घरात निघालं नाही.
मी समासात लिहिलं : विषयांतर.

शेजारच्या खोलीत हिरेमठ सर.
धारवाडला शिकलेले, फॉर्म न भरणारे,
एकेक पेशंट चार-चार वर्षं येणारा.
चहाला म्हणाले, 'तुमचं ते टायपिंगच्या क्लाससारखं.
बारा आठवड्यांत सर्टिफिकेट.'
आणि हसले.
मी ते हसणं ओळखलं.
तेही त्यांचं नव्हतं,
कुठल्या तरी वर्गातून सांभाळून आणलेलं,
दातार मॅडमच्या हसण्याचं चुलत भावंड.
आम्ही कडक भाकरी मोडून चिवड्यासारखी खाल्ली,
वाद तिथंच राहिला.

चौथ्या खेपेला तिनं मला छाट समजावली.
कारखान्यात मास्तर विड्या बघतो,
वाकडी दिसली, सैल दिसली, बाजूला.
'ती काय ओढता येत नाही?' मी विचारलं.
'येतीय की. फर्म्यात बसत नाही, एवढंच.'
फर्मा म्हणजे पत्र्याचा तुकडा,
तेंदूच्या ओल्या पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची.
पान केवढंही असो, विडी तेवढीच.

रात्री जुळे सोलापुरात, पंख्याखाली,
मी जुन्या वह्या काढल्या.
समासात विषयांतर, विषयांतर, विषयांतर.
एका पोराच्या वहीत तर सलग नऊ पानं.
तो परत आला नव्हता.
माझ्या नोंदीत तो 'सुधारणा' या रकान्यात होता.

सातव्या खेपेला गृहपाठ मागितला.
तिनं पिशवीतून कागद काढला, लाजत.
माझा तक्ता तिनं फर्म्यावर कापला होता,
एकोणीस तुकडे, सगळे सारखे,
एकही रेघ चुकलेली नाही.
'बहिणीचं मनात आलं की हाताला काम लागतंय.
पानं संपली होती.'

चुऱ्यात 'पुरावा'चा पु दिसत होता.

'नाव काय तिचं?' मी विचारलं.
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं,
आणि हिरेमठ सरांनी तर विचारलंच नसतं,
ते गप्प बसून वाट बघत राहिले असते.
नरसम्मा बोलेना.
खाली माग खटखटत होते.
मी पेन टेबलावर ठेवलं,
आणि हात कुठे ठेवायचे ते कळेना,
म्हणून एकोणीस तुकडे मोजू लागले.
तिनं आणखी सहा मागितले.
म्हणाली, 'कट्टा पुरा करा, मग सांगते.'