उसनवारी

एक एप्रिलला सिस्टीम सुरू करायची म्हणून
मार्चभर आम्ही हिंगण्याच्या शेडमध्ये नटबोल्ट मोजले.
कूलरला अजून खस लागली नव्हती,
टाकी कोरडी; नुसता पंखा धूळ फेकायचा
माझ्या लॅपटॉपवर
आणि निनावे काकांच्या एकतीस वर्षांच्या वह्यांवर.

वह्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या, इतवारीतून आणलेल्या.
पहिल्या पानावर श्री, कोपऱ्यात हळदीचं बोट,
आत पेन्सिलीने:
एम बारा, मोठा. एम बारा, लांडा.
एम बारा, बुटीबोरीवाल्याचा, चालत नाही.
मी एकेकाला अठरा आकडी कोड देत गेले.
लांड्यासाठी रकाना नव्हता,
वर्णनात लिहिलं, आखूड.
काकांनी वाकून वाचलं.
"आखूड येगळा, बाई.
लांडा म्हंजे कापलेला."

आमच्याकडे माल चारच वाटांनी हलतो:
खरेदी, उत्पादन, विक्री, भंगार.
सव्वीस तारखेला रात्री साडेदहाला
सहा बेअरिंग कमी भरले,
आणि कधी खरेदीच न झालेला
अर्धा डबा ग्रीस जास्त.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बेअरिंग लांजेवारच्या वर्कशॉपात गेले ना.
दिवाळीच्या तोंडावर त्याचं मशीन बंद पडलं,
पोट्टे हात बांधून बसले होते. मी देल्ले.
ग्रीस त्याचंच होय."
परत कधी देणार?
"जवा आणीन तवा आणीन."
लिहिलंय कुठे?
ते उठले, दार ओढून घेतलं.
दारामागे भिंतीवर खडूच्या सहा रेघा,
खाली ल.

मी शोधलं. परतीच्या गेटपासला
तारीख लागते, मंजुरी लागते,
लांजेवारचा जीएसटी नंबर लागतो.
तारखेच्या चौकोनात कर्सर लुकलुकत राहिला.
सारडाशेठना फोन लावला, ते लग्नात होते,
मागे बँड वाजत होता.
"नुकसानीत टाका ना मॅडम, सहाच तर आहेत."
सहाच होते.
पण नुकसानीसमोर कारण निवडावं लागतं:
चोरी, गंज, मोडतोड, मोजणीतली चूक.
मी चारही वाचून दाखवली.
काका म्हणाले, "अन् मंग मी काय
एकतीस वर्षं मोजणीतली चूक करून राह्यलो का?"

बाहेर वॉचमन मेसवाल्याचा डबा घेऊन उभा होता.
वांग्याची भाजी गार झाली होती, आम्ही तिघांनी खाल्ली.
मग मी गोदामांच्या यादीत गेले.
रॅक ए, रॅक बी, यार्ड, पेंट रूम.
खाली नवी ओळ जोडली:
दारामागे.
सहा बेअरिंग तिथे ठेवले.
हिशेब जुळला, पट्टी हिरवी झाली.
मला ते बरोबर वाटलं का,
आजही नीट सांगता येणार नाही.

ऑडिटर आला होता म्हणे जुलैमध्ये.
हे 'दारामागे' कुठे आहे, म्हणाला.
काकांनी त्याला नेऊन दार ओढून दाखवलं.
त्याने फोटो काढला, पुढे काही विचारलं नाही.

मी आता कळमेश्वरला दुसऱ्या कारखान्यात आहे.
तिथे धागा मोजतात, तिथले वाद वेगळे.
सपोर्टचं लॉगिन अजून बंद केलेलं नाही,
म्हणून कधी दुपारी, ऊन खिडकीवर आलं की
हिंगण्याचा साठा उघडून बघते.
दारामागे, बेअरिंग: सहा.
दारामागे, बेअरिंग: सहा.
पोळ्याच्या आठवड्यात: दोन.

काल त्याखाली नवी ओळ दिसली.
मेश्राम फॅब्रिकेशन, वेल्डिंग रॉड, दोन.
एकक: मूठ.
नोंद करणारा: निनावे.

एककांची यादी उघडायचा अधिकार
मी त्यांना दिला नव्हता.
कुणी दिला, ते लॉगमध्ये सापडेल.
अजून बघितलं नाही.