भिंत-सात

दादरच्या लॅबमध्ये माझ्या मशीनवर एक फोल्डर आहे,
त्याचं नाव नुसतं 'जुनं'.
त्यात रे रोडचं एक गंजलेलं शटर आहे,
वडाळ्याच्या मिठागरातली तडकलेली जमीन,
भाऊच्या धक्क्यावरची ताडपत्री, मासळीच्या पाण्यानं विटलेली,
पोस्टरावर पोस्टर चिकटवून फाडलेला लालबागचा खांब.
आणि भिंत-सात.

फोटो हल्ली स्वच्छ येतात, फारच स्वच्छ.
नवरीच्या गालावरचं प्लास्टिक
जणू आत्ताच कुणीतरी सोललंय.
मग शेठ म्हणतात, मोंडकर, जरा वजन दे.
वजन द्यायचं म्हणजे फोटोवर दुसरा फोटो घालायचा
आणि वरच्याला बजावायचं:
तू दिसायचं नाहीस, फक्त असायचंस.
मल्टिप्लाय केलं की काळं आणखी काळं होतं,
स्क्रीन केलं की धुकं.
सॉफ्ट लाइट घरातल्या थोरल्या जाऊबाईसारखा,
बोलत काही नाही, होतं मात्र सगळं त्याच्या मनासारखं.
ओपॅसिटी वीस. फार तर बावीस.
पुढे गेलात की पाहुणाच यजमान होतो.
शेवटी मऊ ब्रशनं चेहरा मोकळा करायचा,
डोळे, दात, मंगळसूत्र.

भिंत-सात आमची.
वडाळा, पोर्टाच्या क्वार्टर्स, तळमजला.
बाबा क्रेनवर होते. दुसरी पाळी संपवून यायचे,
डोक्याला माक्याचं तेल थापायचे
आणि भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर रेडिओ.
सव्वीस वर्षं, त्याच जागी.
तिथे डाग पडला, पपईएवढा.
आई दर दिवाळीला सोड्यानं घासायची,
वर चुन्याचे दोन हात द्यायची.
तुळशीच्या लग्नापर्यंत तो पुन्हा वर.
"आलं तुमचं डोकं," म्हणायची.

जागा सोडली त्या दिवशी सामान टेम्पोत चढलं होतं.
आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.
मी मोबाइल भिंतीसमोर सरळ धरला,
खिडकीतून तिरका उजेड,
पोपडे, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक,
माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा
आणि मधोमध ते.

तेव्हापासून भिंत-सात फार चालते.
वसईच्या चुरींच्या मृण्मयीच्या हळदीत ती आहे,
मुलुंडच्या एका साठीशांतीत,
एका बारशात, पाळण्याच्या मागे,
आणि दोन अल्बम तर परदेशीही गेले.
कधी रंग काढून, कधी आडवी, कधी चक्क उलटी.
एकदा एका वरमाईंचा फोन आला,
पान अकरा, माझ्या खांद्यामागे काहीतरी तेलकट आहे, काढा.
काढलं.
म्हणजे ओपॅसिटी नऊवर आणली.
"आता कसं!" त्या म्हणाल्या.

बाबा आता विक्रोळीला, माझ्याकडे.
भिंतींना धुता येणारा रंग आहे.
ते पलंगाच्या मधोमध बसतात,
पाठ कशालाच न लावता,
दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे.
रविवारी चुरींचा अल्बम घरी आणला होता,
बाइंडिंग उसवलं म्हणून परत आलेला.
बाबांनी पानं उलटली, एका पानावर थांबले,
चष्मा कपाळावर चढवला,
नवरीच्या मागच्या जागेवर बोट ठेवलं,
थोडं चोळलं,
बोट नाकाशी नेलं.
"पोरीच्या मागे कोण बसलंय?"
"कुणी नाही बाबा. टेक्श्चर आहे ते."
"असं," म्हणाले,
आणि पान उलटता उलटता काहीतरी पुटपुटले,
पोरीनं जरा पुढे सरकून बसायचं, असं काहीसं,
साडीला लागेल.