आठ माणसं झाली तर

लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलाय.
पुढच्या बाजूला कन्नडात शून्य रुपये,
मागे माझं मराठी,
कागद इतका पातळ की तो शून्य
माझ्या बेटाच्या मधोमध उमटलाय.

खानापूर ते कारवार, लाल बस.
मी फुकट. भार्गवी फुकट.
आत्ती फुकट, आधार कार्ड सापडलं तर.
मोनाप्पाचं तेवढं फुल तिकीट.
"मग मालवणला जाऊया की," तो म्हणाला.
तिकडे माझं अर्धं,
त्याचं तिकडेही पूर्णच.
इतकी वर्षं माणसं या रेषेवरून भांडली,
मी ती पहिल्यांदाच पेन्सिलीनं बेरजेत धरली
आणि कारवार दोनशे साठ रुपयांनी जिंकलं.

बेट बंदरापासून होडीनं पाऊण तास.
तांडेल फोनवर कोंकणीत बोलतो,
निम्मं मला कळतं, निम्मं वारा नेतो.
मळणी उरकून पौषात या, म्हणाला.
डॉल्फिन सकाळचे, देवाच्या मनात असेल तर.
पांढऱ्या पोटाचा गरुड मात्र नक्की,
त्याचं घरच आहे तिथल्या झाडावर.
तंबू स्वस्त. तांदूळ तुमचे आणा, मासळी माझी.
"आणि आठ माणसं झाली तर परवडतंय, बाय."

आम्ही चार.

मोनाप्पा म्हणतो, जनावरं बघायला पैसे?
परवा रात्री गव्यांनी अख्खा वाफा लोळवला,
मी माचावर डबा बडवत बसलो,
कुणी तिकीट मागितलं काय?
त्याचं खरंय.
पण त्यानं जनावर नेहमी
बॅटरीच्या उजेडात बघितलंय, तोंडात शिवी धरून.
मला एक जनावर असं बघायचंय
ज्यानं आमचं काही खाल्लेलं नाही.

शिलाईवाली हसीना आणि तिची बहीण: फुकट, फुकट.
सहा.
पिग्मीवाला इनास रोज दिवेलागणीला वीस रुपये नेतो,
एकदा पावती फाडताना विचारलं त्यानं, कशासाठी?
सांगितलं.
पेनचं टोपण लावायचं विसरून उभा राहिला.
"माझी पण एक जागा धरा, वैनी."
सात.

आत्तीचं माहेर कणकुंबी.
तिथंच उगवते मलप्रभा, डोंगराच्या अगदी कडेला.
थोडं पलीकडे पडलेलं पाणी
उतरतं गोव्याला, समुद्राला.
ही मात्र पाठ फिरवून पूर्वेला निघाली,
ज्वारीच्या, कापसाच्या मुलखातून
लांबचा रस्ता धरून.
आत्तीही तशीच.
समुद्राच्या इतक्या जवळ एकाहत्तर वर्षं,
आणि काल भाकरी थापता थापता विचारते,
"ते पाणी रात्रीचं पण हलतंय काय गं?"

आठव्या ओळीवर भार्गवीनं
तिच्या शाळेच्या अक्षरांत लिहून टाकलंय: आमे.
म्हणजे कासव.
ते आधीच तिकडे आहे, ती म्हणते,
त्याचं बसभाडं धरू नको.

बेरीज अजून जमत नाही.
चारशे रुपये कुठून तरी कमी पडतात,
मी मासळी एकवेळची करून बघते,
मग परत दोन वेळची करते.

आत्ती सकाळपासून ट्रंक उपसतेय.
सापडलं एकदाचं, रेशनच्या पिशवीत,
हळदीचा डाग पडलेलं कार्ड.
फोटोत तिचे दोन्ही डोळे मिटलेले.
कंडक्टर चालवून घेईल काय, मी विचारते.
ती कार्ड पदरानं पुसते,
"न घ्यायला काय झालं?
तिकडं गेल्यावर उघडते की."