आधीचा आकडा

पुंता आरेनासला वारा सुटला की
रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
ते दोर आमच्या गोदामातले नाहीत.
असते तर मला ठाऊक असतं.
ओळ चारशे बारा, पिवळ्या रंगात.

एकोणीस वर्षं ही एकच एक्सेलची फाइल.
ऑर्तेन्सियानं सुरू केली, मी तिच्याकडून घेतली,
तिच्या कोटाच्या खिशातून निघालेल्या,
अजून कोमट असलेल्या किल्लीसारखी.
पिवळं म्हणजे येर्कोला विचार.
लाल म्हणजे येर्कोला विचारू नकोस.
खेकड्यांच्या पिंजऱ्यांपुढे लिहिलंय 'चाळीसेक,
शेगडीमागे पाहिलं तर जास्त'.
बेरीज तिथे अडखळते,
मी हाताला धरून पुढे नेते.

गेल्या हंगामात तेच ऐंशी शॅकल
आम्ही दोन बोटींना विकले.
एकदा 'फायनल'मधून, एकदा 'फायनल_खरी'मधून.
धक्क्यावर दोन कप्तान आणि एक पेटी.
येर्को मध्ये उभा, टोपी हातात घेऊन,
आणि वारा असा की शिव्यासुद्धा अर्ध्याच ऐकू आल्या.

त्याच रात्री त्यानं मायतेला फोन लावला.

मायतेनं डेटाबेस मांडला.
प्रत्येक वस्तूला क्रमांक, एकीला एकच.
एक पेटी दोघांना विकू म्हटलं तर ऐकत नाही.
मी लिहिलं, चाळीसेक.
तो म्हणाला, येथे फक्त संख्या चालेल.
म्हटलं, बाबा रे, मग तूच ये मोजायला.
शेवटी आम्हीच मोजले, तीन दिवस, हातमोजे घालून.
त्रेपन्न पिंजरे.
एकात मांजर, ती धरली नाही.

पिवळ्याचं काय करायचं, मायतेनं विचारलं.
मला सांगता येईना.
तिनं 'शेरा' नावाचा एक रकाना दिला,
भरला तर भरला, नाही तर नाही.

मग ती ओळ आली.
पितळी कंदील: उणे एक.

उणे कंदील नसतो हो, मायते म्हणाली,
आणि तिचं बरोबरच होतं.
मी विचारलं, त्याआधी काय होतं इथे?
कुणी बदललं? कधी?
तिनं फाइल वरखाली केली.
इथे कळणार नाही, म्हणाली,
वर लिहिलं की आधीचं जातं.

एकोणीस वर्षं मी या फाइलला आठवण म्हणत आले.
आणि ऑर्तेन्सियाचा एकेक आकडा
मीच बुजवत होते, रोज, साडेआठपासून,
कॉफी पीत.

नव्या यंत्रात चूकसुद्धा राहते.
तिच्यापुढे नाव, तारीख, वेळ,
दुरुस्ती तिच्या शेजारी बसते, डोक्यावर नाही.
मी त्याला थंड म्हटलं होतं. असेलही.
गोदामही थंडच आहे.

कंदील: शून्य.
बदल: नेलिदा बार्रीया, चार वाजून सात मिनिटं.
शेरा: कुणीतरी नेला. परत आणेल
असं ऑर्तेन्सियाला वाटत असावं,
नाहीतर तिनं तो मुळातून खोडला असता.

पाच वाजता वाऱ्यानं वीज गेली.
कोळ्यांचा एक पोरगा सुतळी मागत आला, दोन गुंड्या.
दिल्या. तळहातावर लिहून ठेवलं.
उद्या चढवीन,
हात धुण्याआधी.