हजाराच्या आत

काचेखाली अठरा घड्याळं,
अठराही दहा वाजून दहावर थांबलेली, दुकानदारासारखी हसत.
खडेबाजारात तेव्हा साडेसात झाले होते,
समोरच्या दुकानात कुंद्याची कढई खरवडत होते.

"बजेट एष्ट?" महांतेशनं विचारलं.
"साविरद म्याल ब्याड," मी म्हटलं,
आणि पुढची घासाघीस मराठीत केली,
पैसे कमी करायला तोंडात बसलेलीच भाषा लागते.

पहिलं काढलं ते काळं, जाडजूड,
मनगटावर फ्लँज बसवल्यासारखं.
तबकडीत तीन छोटी चक्रं, कडेनं चारशेपर्यंत आकडे.
"वेग मोजायला. रेसिंगवाले वापरतात."
माझी गाडी चालते कमी,
तिसऱ्या गेटला उभी असते जास्त.

वीस वर्षं लेथवर काढलीत,
दोन शतांशाचा फरक बोटाला कळतो.
घड्याळ ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं.
तीनपैकी दोन चक्रं छापील,
काटे रंगाचे,
एक कायमचा चारवर, एक सातवर.
"शो आहे तो," महांतेश म्हणाला,
जराही न लाजता.
मला त्याचं तेवढं आवडलं.

दुसरं पन्नास मीटर पाण्यात चालतं.
येळ्ळूरच्या आमच्या विहिरीत मार्चला पाणी असतं
सात-आठ हात.
उरलेले मीटर कुठं वापरू?
तिसरं केशरी. ते थोरल्यानं घेतलं असतं,
आणि मला लग्नात घालायला दिलं असतं.

खरं सांगायचं तर
मला एकच गोष्ट हवी होती.
साखर वाढल्यापासून रोज पहाटे
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पळतो,
बरोबर लुमाण्णा, तो मोठ्यानं आकडे मोजतो,
एक्क्याऐंशी, ब्याऐंशी,
मध्येच कुणी रामराम घातला
की पुन्हा साठावर येतो.
अशानं एका पहाटे मी
कुणालाही न जमलेला विक्रम केला होता.

"दाबलं की सुरू, दाबलं की बंद. असलं काय हाय?"

खालच्या खणातून आलं मग
करडं, आकड्यांचं, रबरी पट्ट्याचं,
ज्याला त्यानं काचेखाली जागासुद्धा दिली नव्हती.
सहाशे ऐंशी.
सहाशे पन्नास.
चहा आला.
सहाशे वीस. "आयतु, घ्या."

पट्टा मनगटाला सैल. शेवटच्या भोकाच्याही पुढं
त्यानं तापलेल्या दाभणानं नवं भोक पाडलं,
जळक्या रबराचा वास कुंद्याच्या वासात मिसळला
आणि दोन्ही बिघडले.
तबकडीवर वार इंग्रजीत,
दुकानाची पाटी कन्नडात,
पावतीवर माझं नाव त्यानं मराठीत लिहिलं, चुकीचं.

"वेळ लावू?"
"कंपनीचं मशीन चार मिनिटं पुढं हाय, त्यालाच लाव."
त्यानं मोबाईलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
चार मिनिटं वाढवली.
पळण्याचं मात्र बरं असतं,
ते कुणाच्याच घड्याळाला विचारत नाही,
शून्यापासून निघतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार फेऱ्या,
एकोणीस मिनिटं एकेचाळीस.
लुमाण्णाच्या मोजणीपेक्षा सात मिनिटं जास्त.
तो गप्प झाला.
मग म्हणाला, घड्याळ स्वस्तातलं हाय.

उद्यमबागेत मशीनवर हातात काही घालायचं नाही,
मागच्या वर्षी एकाचं कडं अडकलं होतं.
घड्याळ काढून डब्यात ठेवलं, भाकरीवर,
झाकण लावलं.
दर तासाला ते बोंबलतं हे मला ठाऊक नव्हतं,
बंद कसं करायचं ते अजून नाही.

दहाला वाजलं. अकराला वाजलं.
बाराला लुमाण्णानं मशीन थांबवलं.
"तुझ्या डब्यात काय वाजूलंय बे?"
"भाकरी," मी म्हटलं,
आणि टूल पुढं सरकवलं,
लोखंडाचा निळा किस वेटोळं घेत खाली पडत राहिला.